पदवीचा ताळेबंद

माणूस बँकेतून निवृत्त झाला, की नातेवाइकांच्या लेखी तो आपोआप अर्थतज्ज्ञ होतो. मी एकोणचाळीस वर्षं बँकेत होतो, हे खरं आहे. पण त्यातली पहिली अकरा वर्षं मी लोकांच्या नोटा मोजल्या, पुढची वीस वर्षं नोटा मोजणाऱ्यांना मोजलं, आणि शेवटची आठ वर्षं 'संगणक बंद का आहे?' या एकाच प्रश्नाची निरनिराळी उत्तरं दिली. यात अर्थशास्त्राचा संबंध कुठं आला, ते मला स्वतःला अजून उमगलेलं नाही. तरीही आमच्या नात्यात कुणाला फ्लॅट घ्यायचा असो, सोनं मोडायचं असो, फार काय, मिक्सर हप्त्यानं घ्यायचा असो, "एकदा दादाला विचारून बघा" असं ठरतं. मग येऊन विचारतात. दादा सांगतो. चहा होतो. आणि घरी जाऊन ते त्यांना करायचं तेच करतात. या पद्धतीत आजवर कुणाचं नुकसान झालेलं नाही आणि माझा मानही राहिला आहे.

पण गेल्या जूनमध्ये माझी धाकटी बहीण सुमन आली, आणि मी सांगेन तेच ती करणार, असं तिनं दारातच जाहीर केलं. माझ्या पोटात गोळा आला. सल्ला मानला जाण्याची मला सवय नाही.

सुमन राहते डोंबिवली पश्चिमेला, आम्ही पूर्वेला. मधे रेल्वेचा पूल. अस्सल डोंबिवलीकर तसंच काही कारण असल्याशिवाय हा पूल ओलांडत नाही. त्यापेक्षा तो मुंबईला जाऊन येईल. त्यामुळे ती आली म्हणजे काहीतरी गंभीर आहे हे मी ओळखलं. बरोबर मधुरा होती, माझी भाची. आणि मधुराच्या हातात एक माहितीपत्रक होतं. लग्नपत्रिकासुद्धा इतक्या जाड कागदावर छापत नाहीत. मुखपृष्ठावर चार मुलं-मुली एका कॅमेऱ्याभोवती उभी राहून हसत होती. कॅमेऱ्याकडे बघून इतकं हसण्यासारखं काय असतं, कोण जाणे. आत शेवटच्या पानावर, हसणारं कुणी नव्हतं त्या ठिकाणी, फी छापली होती. तीन वर्षांचे मिळून बारा लाख रुपये.

"कसली पदवी आहे ही?" मी विचारलं.

"मीडियाची, मामा."

मीडिया म्हणजे माध्यम. आमच्या वेळी माध्यम म्हणजे मराठी की इंग्रजी, एवढाच प्रश्न असायचा. आता त्यात वर्तमानपत्र, टीव्ही, जाहिरात, सिनेमा आणि मोबाइलवर तीस सेकंद नाचणारी माणसं, असं सगळं येतं. मुंबई विद्यापीठातही ही पदवी आहे. तिला पूर्वी 'बीएमएम' म्हणत, आता 'बीएएमएमसी' म्हणतात. मी नुसता बी. कॉम. असल्यामुळे पदवीत पाच अक्षरं बघून थोडा दबलोच.

"दादा, तू नुसता आकडा सांग," सुमन म्हणाली. "हे पैसे परत येतील का?"

इथं थोडं मागचं सांगायला हवं. माझे मेहुणे सात वर्षांपूर्वी अचानक गेले. त्यांच्या कंपनीकडून आणि विम्याचे मिळून चौदा लाख आले. ते मीच मुदत ठेवीत ठेवायला लावले होते. (नातेवाइकांनी ऐकलेला माझा हा एकमेव सल्ला. तेव्हा सुमनला दुसरं काही सुचण्यासारखी परिस्थितीच नव्हती.) पुढच्याच वर्षी तिनं पोळीभाजी केंद्र काढलं. डोंबिवलीत पोळीभाजी केंद्र काढणं म्हणजे कोकणात नारळ लावण्यासारखं आहे. पण तिचं चाललं. घर त्यावर भागतं. चौदा लाखांना मात्र तिनं आजवर हात लावलेला नाही. आणि आता त्यातले बारा काढावेत की काय, असा प्रश्न घेऊन ती माझ्यासमोर बसली होती.

मी टेबलावरची एक जुनी लग्नपत्रिका घेतली आणि तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. गंभीर हिशेब मी नेहमी लग्नपत्रिकेच्या पाठीवरच करतो. कागद चांगला असतो, आणि पुढच्या बाजूला कुणीतरी हिशेब न करता काय करून बसलं आहे, ते छापलेलं असतं.

बारा लाख, सात टक्क्यांनी, वर्षाचे चौऱ्याऐंशी हजार. महिन्याला सात हजार. आता दुसरी बाजू. आमच्या खालच्या मजल्यावरचा मुलगा अशीच काहीतरी पदवी घेऊन एका वाहिनीत लागला आहे. त्याला हातात बावीस हजार मिळतात. त्याच्याच वर्गातला दुसरा एक साधा बी. ए. होऊन एका दुकानात हिशेब लिहितो, त्याला पंधरा. फरक, सात हजार.

मी आकडे दोनदा तपासले. म्हणजे तीन वर्षं अभ्यास करून, पहाटेची पहिली लोकल पकडून, रात्रपाळ्या करून मधुरा जेवढं जास्तीचं मिळवणार, तेवढं ते बारा लाख बँकेत नुसते पडून, कूस न बदलता मिळवणार होते! शिवाय वर मुद्दल शाबूत.

"पण मामा, पगार वाढतो. व्याज वाढत नाही," मधुरा म्हणाली.

मुद्दा बरोबर होता. व्याजाचे दर उतरतात, महागाई चढते, आणि पगारदार माणूस कधी ना कधी तरी बढती घेतो. (मीही घेतली होती; त्यामुळेच मला नोटा सोडून माणसं मोजावी लागली.) म्हणजे गणित बरोबरीत सुटत होतं. बँकेच्या भाषेत याला 'प्रकरण विचाराधीन' म्हणतात.

तेवढ्यात सौ. चहा घेऊन आली आणि म्हणाली, "तुमच्या बी. कॉम.चं काय झालं, ते सांगा ना तिला."

आता माझ्या बी. कॉम.चं खरं सांगायचं तर त्याचा उपयोग मला आयुष्यात दोनदा झाला. एकदा १९८१ साली बँकेचा अर्ज भरताना, आणि एकदा सौ.च्या वडिलांसमोर बसलो असताना. त्यांनी "शिक्षण?" असं विचारलं, मी "बी. कॉम." म्हटलं, आणि त्यांनी पुढचं काही विचारलं नाही. नंतर त्यांनी विचारायला हवं होतं, असं सौ.चं मत आहे, तो भाग वेगळा. पण ही पदवी म्हणजे दाराची किल्ली होती. एकदा फिरवली, दार उघडलं, किल्ली खिळ्याला अडकवली. तिच्यावर एकोणचाळीस वर्षं पगार घेतला.

मीडियाच्या पदवीची अडचण अशी की तिथं दाराला कुलूपच नाही. वकिलाला सनद लागते, डॉक्टरला नोंदणी लागते, रिक्षावाल्यालासुद्धा बिल्ला लागतो. पत्रकाराला कायद्यानं काहीही लागत नाही. २०१३ साली प्रेस कौन्सिलचे तेव्हाचे अध्यक्ष न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांनी पत्रकारांना किमान पात्रता असावी का, याचा विचार करायला एक समिती नेमली होती. खूप चर्चा झाली. ती चर्चासुद्धा बहुतेक पदवी नसलेल्यांनीच छापली असेल. दार होतं तसं उघडंच राहिलं. मग उघड्या दाराच्या किल्लीचे बारा लाख का द्यायचे?

बरं, इतिहास पाहावा तर तोही माझ्याच बाजूचा. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली 'दर्पण' काढलं, मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र. त्यांच्याकडे कुठली पदवी होती? मुंबई विद्यापीठ निघालं १८५७ साली, आणि बाळशास्त्री गेले १८४६ साली. पदवी अकरा वर्षांनी हुकली. तिकडे अमेरिकेत जोसेफ पुलित्झर नावाचा मोठा वृत्तपत्रमालक होऊन गेला. हंगेरीहून आलेला, कॉलेजचं तोंड न पाहिलेला गृहस्थ. पत्रकारिता शिकवायची शाळा काढा, पैसे मी देतो, असं त्यानं १८९२ साली कोलंबिया विद्यापीठाला सांगितलं, तर विद्यापीठानं नको म्हटलं. शेवटी त्याच्या पश्चात, त्यानं दिलेल्या वीस लाख डॉलर्समधून १९१२ साली ती शाळा उघडली. म्हणजे पत्रकारितेची पदवी बिनपदवीच्या पत्रकाराच्या पैशावर निघाली!

आणि गंमत बघा. पुढच्याच वर्षी, १९१३ साली, आपले डॉ. आंबेडकर त्याच कोलंबियात शिकायला गेले. नवी कोरी पत्रकारितेची शाळा तिथंच होती. ते तिच्यात गेले नाहीत. त्यांनी अर्थशास्त्र घेतलं. आणि परत आल्यावर १९२० साली 'मूकनायक' काढलं. त्यासाठी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. पण पैशाचं गणित पुढं जमलं नाही आणि तीन वर्षांत 'मूकनायक' थांबलं. अर्थशास्त्राच्या एवढ्या मोठ्या पंडिताला जे पुस्त जमलं नाही, ते एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर मला जमेल, असं सुमनला का वाटावं?

हे सगळं मी बऱ्यापैकी आवाज चढवून सांगितलं. मला वाटलं, मधुरा गप्प बसेल. पण आजकालच्या मुलांची शाळेतली पुस्तकं आपल्यापेक्षा त्यांना जास्त लक्षात असतात.

"मामा, मग आगरकर?" ती म्हणाली. "ते तर एम. ए. होते. मोठ्या पगाराची नोकरी मिळत असताना त्यांनी ती घेतली नाही. आईला पत्र लिहून कळवलं. आपल्याला शाळेत तेच शिकवतात ना?"

मी निरुत्तर झालो. गोपाळ गणेश आगरकर, 'केसरी'चे पहिले संपादक. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि ते डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस राहिले. पुढं 'सुधारक' काढलं, लोकांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, आणि अडतिसाव्या वर्षी गेले. त्यांच्या एम. ए.चा मी लग्नपत्रिकेवर ताळेबंद मांडला असता तर तळाशी लाल शाईच लागली असती. आणि तरी त्यांचं ते पत्र शिकवताना आमच्या मराठीच्या मास्तरांचा आवाज घोगरा व्हायचा. आमच्याही घशात काहीतरी व्हायचं. घरी जाऊन आम्ही बी. कॉम.ला नाव घातलं, ही गोष्ट निराळी.

पण त्या दिवशी मला पहिल्यांदाच एक वेगळी गोष्ट दिसली. ते पत्र आगरकरांनी लिहिलं होतं. आलं होतं आईला. गरिबीत दिवस काढलेली बाई. मुलगा शिकला, आता चार दिवस बरे येतील, असं तिला वाटलं असेल तर त्यात तिचं काय चुकलं? मुलाच्या ध्येयाचं कौतुक आपण आज दीडशे वर्षं करत आहोत. त्या माउलीचा हिशेब कुणी मांडला? त्याग मुलाच्या नावावर जमा झाला आणि आईच्या नावे खर्ची पडला. तिला कुणी विचारलंसुद्धा नाही; नुसतं कळवलं.

आणि इथं माझ्यासमोर सुमन बसली होती. तिला तर पत्रही यायचं नव्हतं. नुसती ठेव मोडल्याची पावती मिळाली असती.

म्हणून मी तिलाच विचारलं, "सुमे, तुला काय वाटतं?"

सुमन थोडा वेळ बशीतला चहा बघत राहिली. मग म्हणाली, "दादा, मला पोळीचा हिशेब येतो. दहा रुपयांना पोळी विकते. त्यात पीठ धरते, तेल धरते, गॅस धरते, बायकांचे पगार धरते. पहाटे पाचपासून मी स्वतः उभी असते, ते नाही धरत."

"का?"

"धरलं तर केंद्र बंद करावं लागेल."

एकोणचाळीस वर्षांच्या नोकरीत कर्जाची शेकडो प्रकरणं मी बघितली. इतकं स्वच्छ नफा-तोटा पत्रक कुणी दाखवलं नव्हतं. हिशेबात जे धरलं जात नाही, त्याला आपण बिनधास्त शून्य समजतो. आणि सगळा व्यवहार उभा असतो नेमका त्याच्यावर.

मग मधुरानं मोबाइल काढला. "मामा, एक ऐक." मला वाटलं, आता तीस सेकंद नाच बघावा लागणार. पण चित्र नव्हतं, नुसता आवाज. पहाटेचा लाटण्यांचा आवाज, आणि त्यात एक बाई बोलत होत्या. इंदुबाई. टिटवाळ्याहून येतात. साडेतीनला उठतात. सकाळच्या दोनशे पोळ्या त्यांच्या हातच्या. मधुरानं विचारलं, "घरी गेल्यावर काय जेवता?" इंदुबाई हसल्या आणि म्हणाल्या, "भात. पोळी बघवत नाही गं. पण लेकीला आवडते, म्हणून तिच्यापुरत्या करते चार. त्या मात्र नीट करते."

सगळं मिळून सात मिनिटं होतं. दर गुरुवारी सौ.चा उपास असतो आणि माझा डबा सुमनकडून येतो. सहा वर्षं मी इंदुबाईंच्या हातच्या पोळ्या खात होतो, आणि एखादी करपली तर बोलत होतो. त्यांना नाव आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

या सात मिनिटांचा फायदा कुणाला झाला? मला. मी किती पैसे दिले? काही नाही. खर्च कुणाचा? मधुराचा, आणि पर्यायानं सुमनचा. या धंद्याची सगळी गोम इथंच आहे. डॉक्टर शिकला, तर तो पैसे रोग्याकडून घेतो. चांगला बातमीदार तयार झाला, तर शहाणं व्हायचं तुम्ही-आम्ही, आणि खर्च सोसायचा त्याच्या घरानं. आपण सकाळी चार-पाच रुपयांचा पेपर घेतो आणि महिन्याच्या शेवटी तो रद्दीत विकून त्यातलेही थोडे वसूल करतो. मग पुन्हा आपणच विचारतो, या पदवीला भाव का नाही?

तेव्हा मी लग्नपत्रिका पुन्हा पुढं ओढली. बारा लाख आणि सात मिनिटं, यांची गाठ मात्र अजून पडत नव्हती. ती सात मिनिटं मधुरानं कुठल्याही फीशिवाय केली होती.

"आपल्या इथल्या कॉलेजात हीच पदवी आहे ना? तिथं काय फी?"

"वर्षाला पस्तीस हजार. पण मामा, तिथं स्टुडिओ नाही. आणि खरं सांगू? त्या मोठ्या ठिकाणी ओळखी होतात. नोकऱ्या ओळखीवर मिळतात."

मुलगी खरं बोलत होती. माहितीपत्रकात कॅमेऱ्याचा फोटो होता; विकायला ठेवल्या होत्या त्या ओळखी. त्या इथल्या कॉलेजात मिळणार नाहीत, हे मलाही ठाऊक होतं. 'गुण असले की जग शोधत येतं' वगैरे वाक्यं माझ्या जिभेवर आली होती. पण मी स्वतः काकांच्या ओळखीनं मुंबईत बदली करून घेतलेला माणूस, ती गिळली. म्हणालो, "हा तोटा आहे. तो खरा आहे. तो इथं लिहितो." आणि लिहिला.

शेवटी निकाल सुमननंच दिला. "दोन लाख मोडते," ती म्हणाली. "लाखभर फीला. उरलेल्यात तुला काय यंत्रं लागतात ती घे, आणि फिर. लोकांच्या घरी जा, त्यांना बोलतं कर. ओळखी अशाही होतात. बाकीचे राहू देत. उद्या मी आजारी पडले, तर तुला चांगली नोकरी सोडून वाईट नोकरी धरावी लागू नये, म्हणून ते आहेत."

मधुरा लगेच हो म्हणाली नाही. खिडकीतून बाहेर बघत बसली. मग "बरं" म्हणाली. त्या 'बरं'मध्ये किती आनंद आणि किती नाइलाज होता, ते मोजायला माझ्याकडे वजनं नव्हती. आम्ही केलं ते बरोबर की चूक, हे आणखी दहा वर्षांनी कळेल. तेव्हा विचारायला मी असेन की नाही, ठाऊक नाही. असलो तर विषय बदलीन.

जाता जाता मी मधुराला आमच्या बँकेतली एक रीत सांगितली. एखादं जुनं टेबल असतं. दरवर्षी घसारा कापून कापून त्याची किंमत वहीत संपत येते. पण ती शून्य करत नाहीत. एक रुपया ठेवतात. कारण शून्य केलं, तर टेबल वहीतून जातं आणि मग खोलीतून कधी गेलं, ते कुणाला कळत नाही. एक रुपया म्हणजे किंमत नव्हे. ही वस्तू इथं आहे, एवढी ती आठवण. "तेव्हा ज्याचा भाव करता येत नाही," मी म्हणालो, "ते शून्य लिहू नकोस. रुपया लिही." आणि पत्रिकेवर तिच्यादेखत लिहिलं: 'इंदुबाईंची सात मिनिटं, रु. १. सुमनचं पहाटे उभं राहणं, रु. १.'

आपण फारच छान बोललो, असं मला वाटलं. सौ.लाही वाटलं असावं, कारण तिनं दुसऱ्यांदा चहा टाकला.

दोघी पूल ओलांडून पलीकडे गेल्यावर मी ती पत्रिका जपून ठेवावी म्हणून उचलली. तळाशी मधुराच्या अक्षरात आणखी एक ओळ होती:

'मामाचा सल्ला, रु. १.'